प्रणयाचे पुनरागमन : ऐतिहासिक रहस्यकथेतील स्त्री-गुप्तहेर

१

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार स्वतःच्या नियमांविषयी जितका जागरूक राहिला तितके क्वचितच दुसरे कोणते लोकप्रिय साहित्य राहिले असेल. १९२८ मध्ये एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम सांगितले. त्यांतील तिसरा नियम प्रेमप्रकरणाला सरळ बंदी घालणारा होता. गुन्हेगाराला न्यायासनापुढे उभे करणे हे रहस्यकथेचे काम आहे, विरही जोडप्याला बोहल्यावर चढविणे नव्हे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी डॉरोथी सेअर्स या इंग्रज लेखिकेने रहस्यकथांच्या एका मोठ्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि तीतही कथेत उपऱ्यासारख्या शिरलेल्या प्रेमाविषयी नापसंती व्यक्त केली. प्रणय हा रहस्यकथेचा दोष होय, यावर या दोघांचे एकमत होते.

असे असताना विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत एक वेगळाच उपप्रकार रूढ झाला. कथा गतकाळात घडते. शोध घेणारी स्त्री असते. निवेदनाचा सूर खेळकर असतो. आणि खुनाचा उलगडा होता होता नायिकेच्या मनाचाही उलगडा होतो. हा उपप्रकार केवळ रंजनपर म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु नियमाने हद्दपार केलेला प्रणय परत आला तो इतिहासाच्याच वाटेने का आला, आणि त्याच्यासोबत स्त्री-गुप्तहेरच का आली, हा प्रश्न वाङ्मयप्रकारांच्या इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर रूपबंधात काही प्रमाणात सापडते. उरलेले शोधण्यासाठी कायद्याच्या इतिहासाकडे वळावे लागते.

रूपबंधाची बाजू आधी पाहता येईल. त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांची जी मीमांसा केली तिच्यानुसार अभिजात रहस्यकथेत दोन कथा असतात : गुन्ह्याची आणि तपासाची. पहिली कथा दुसरी सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. तपासाच्या कथेत खऱ्या अर्थाने काही घडत नाही. घडून गेलेले फक्त जाणून घेतले जाते. म्हणजे रहस्यकथेचे तोंड भूतकाळाकडे असते. प्रणयकथेचे तसे नसते. तिची सर्व उत्कंठा भविष्याविषयीची असते. दोन व्यक्ती एकत्र येतील काय, हा तिचा प्रश्न. शिवाय तपास करणाऱ्याने अलिप्त आणि अबाधित राहावे असा रहस्यकथेचा संकेत असतो, तर प्रणयात गुंतलेली व्यक्ती बाधित झाल्यावाचून राहत नाही. व्हॅन डाइनच्या नियमामागे केवळ अभिरुचीचा हट्ट नव्हता. दोन परस्परविरोधी काळगतींचा झगडा त्याला जाणवला होता.

२

हा झगडा नियम लिहिले जाण्याच्या कितीतरी आधीपासून स्त्री-गुप्तहेराच्या कथेत दिसतो. १८६४ या एकाच वर्षी इंग्लंडमध्ये दोन पुस्तके निघाली. अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले 'द फीमेल डिटेक्टिव्ह' हे एक, आणि विल्यम स्टीफन्स हेवर्ड याच्या नावावर सांगितले जाणारे 'रेव्हलेशन्स ऑफ अ लेडी डिटेक्टिव्ह' हे दुसरे. लंडनच्या पोलीस दलातील स्त्रिया गस्तीसाठी रस्त्यावर उतरल्या त्या १९१९ मध्ये. म्हणजे कल्पनेतील स्त्री-गुप्तहेर वास्तवातील महिला पोलिसाच्या पंचावन्न वर्षे आधी जन्माला आली. ती वास्तवाचे प्रतिबिंब नव्हती. एका शक्यतेची चाचपणी होती.

दुसऱ्या पुस्तकाची नायिका मिसेस पास्कल ही विधवा आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर उदरनिर्वाहासाठी तिने हे काम पत्करले आहे. एका कथेत भुयारात उतरण्यासाठी ती आपला घेरदार क्रिनोलिन काढून ठेवते. व्हिक्टोरियन स्त्रीत्वाचे अत्यंत दृश्य चिन्ह असलेला तो पिंजरा बाजूला ठेवल्याखेरीज तपास पुढे सरकत नाही. हा प्रसंग विनोदी आहे. त्याच वेळी तो वाङ्मयप्रकाराची अडचण नेमकी दाखवितो. स्त्री आणि गुप्तहेर या दोन भूमिका एकाच देहावर एकाच वेळी चढत नाहीत. एकीला उतरवावे लागते. कॅथलीन ग्रेगरी क्लाइन या अभ्यासिकेने १९८८ च्या आपल्या ग्रंथात हीच विसंगती स्त्री-गुप्तहेराच्या सबंध परंपरेला लावून दाखविली आहे.

पुढील पन्नास वर्षांत या विसंगतीवर जे तोडगे निघाले त्यांत एक ठरावीकपणा आहे. कॅथरिन लुइझा पर्किस हिची लव्हडे ब्रूक (१८९४) ही तिशी ओलांडलेली, अविवाहित आणि व्यवसायनिष्ठ आहे. तिच्या कथांत प्रणयाला जागाच नाही. जॉर्ज सिम्स याची डॉर्कस डीन (१८९७) पूर्वाश्रमीची नटी. चित्रकार नवरा आंधळा झाला म्हणून ती या व्यवसायात येते. ग्रँट अॅलनची हिल्डा वेड (१९००) वडिलांवरील कलंक धुऊन काढण्यासाठी शोध घेते. बॅरोनेस ऑर्त्झी हिची लेडी मॉली (१९१०) तुरुंगात पडलेल्या नवऱ्याचे निर्दोषत्व सिद्ध व्हावे म्हणून स्कॉटलंड यार्डात काम करते आणि ते सिद्ध होताच निवृत्त होते. या नायिकांच्या कथांत प्रेमाला किंवा कौटुंबिक निष्ठेला दोनच जागा आहेत : आरंभी सबब म्हणून किंवा अखेरीस राजीनामा म्हणून. बुद्धी चालविण्यासाठी पुरुषाला कारण द्यावे लागत नाही; शेरलॉक होम्सला कोणी ते विचारलेलेही नाही. स्त्रीला मात्र सौभाग्य, वैधव्य अथवा पितृऋण यांपैकी काहीतरी दाखला पुढे करावा लागतो.

येथे मराठी कादंबरीचा एक समांतर धागा लक्षात घेण्यासारखा आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली, मिसेस पास्कलच्या सात वर्षे आधी. यमुना प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिगती ऐकते आणि त्यांतून एका सामाजिक अपराधाचे चित्र उभे राहते. साक्षी गोळा करीत फिरणारी स्त्री हे रूप तपासकथेच्या जवळचे आहे. परंतु दोन संस्कृतींत वैधव्याचा अर्थ किती भिन्न होता, हेही या जोडीवरून स्पष्ट होते. मिसेस पास्कलला वैधव्याने हिंडण्याफिरण्याची मोकळीक दिली. यमुनेच्या जगात वैधव्य हाच गुन्हा होता आणि तोच शिक्षाही. म्हणून एकीकडून रंजक तपासकथा निघाली आणि दुसरीकडून सुधारणावादी कादंबरी. पुढे 'मोचनगड' (१८७१) या मराठीतील पहिल्या ऐतिहासिक कादंबरीत इतिहास, गूढ आणि प्रणय एकत्र आले, परंतु तेथील अद्भुतरम्य रचनेत रहस्य उलगडण्याचे काम नायिकेच्या बुद्धीवर सोपविलेले नाही.

३

ज्या सेअर्सने प्रणयाविषयी नाराजी व्यक्त केली होती तिनेच दोन वर्षांनी आपल्या मताला छेद दिला. 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) मध्ये लॉर्ड पीटर विम्झी हा तिचा गुप्तहेर खुनाचा आरोप असलेल्या हॅरिएट व्हेन हिच्या प्रेमात पडतो. हॅरिएट स्वतः रहस्यकथा लिहिणारी. तिला फाशीपासून वाचविणाऱ्या पुरुषाशी तिने लगेच लग्न केले असते तर ती कृतज्ञतेची परतफेड ठरली असती. म्हणून सेअर्सने लग्न लांबणीवर टाकले. होकार मिळतो तो 'गॉडी नाइट' (१९३५) च्या अखेरीस, आणि १९३७ च्या 'बसमन्स हनीमून'ला लेखिकेने प्रेमकथा असे उपशीर्षक देऊन तपासाला तीतील व्यत्ययाचे स्थान दिले.

'गॉडी नाइट' ऑक्सफर्डमधील एका कल्पित स्त्री-महाविद्यालयात घडते. तेथील मुख्य प्रश्न खुनाचा नाही. बौद्धिक जीवन आणि विवाह ही दोन्ही एका स्त्रीला मिळू शकतात काय, हा तो प्रश्न आहे. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला तो १९२० मध्ये. कादंबरी निघाली तेव्हा ते स्वातंत्र्य जेमतेम पंधरा वर्षांचे होते. समकालीन पार्श्वभूमीवर समतेचा विवाह विश्वसनीय करण्यासाठी सेअर्सला पाच वर्षे आणि अनेक पाने खर्चावी लागली. त्यामुळे कादंबरीचा सूर गंभीर झाला आणि रहस्य दुय्यम. प्रश्न चालू काळाचा असेपर्यंत त्याकडे हसत पाहणे कठीण असते. खेळकरपणासाठी जे अंतर लागते ते काळाने पुरवावे लागते.

असे अंतर घेण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न १९४० च्या दशकात झाला. अगाथा ख्रिस्तीने 'डेथ कम्स अॅज द एंड' ही कादंबरी प्राचीन ईजिप्तमध्ये घडविली. एका ईजिप्ती कुटुंबप्रमुखाच्या प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या पत्रांचा आधार तिला होता आणि तिचा नवरा मॅक्स मॅलोवान हा पुरातत्त्वज्ञ होता. रेनिसेन्ब ही तिची नायिका तरुण विधवा आहे. घरात एकामागून एक मृत्यू होत असताना तिला दोन पुरुषांतून एकाची निवडही करायची असते. खुनी कोण आणि वर कोण, हे दोन प्रश्न येथे एकत्र येतात. रेनिसेन्ब शोधक नाही, आणि कथेचा सूर हलका नाही. तरीही प्रणय आणि तपास यांना गतकाळाच्या एकाच छपराखाली नांदविता येते, हे या कादंबरीने दाखवून दिले.

४

या उपप्रकाराला निश्चित रूप लाभले ते १९७५ मध्ये, एलिझाबेथ पीटर्सच्या 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक' या कादंबरीने. हे बार्बरा मर्ट्झ (१९२७–२०१३) हिचे टोपणनाव. तिच्या दोन मुलांच्या नावांवरून घेतलेले. मर्ट्झने १९५२ मध्ये शिकागो विद्यापीठातून ईजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळविली होती आणि त्या विषयावर सामान्य वाचकांसाठी दोन ग्रंथ लिहिले होते. विद्यापीठीय पद मात्र तिच्या वाट्याला आले नाही. ज्या क्षेत्राने तिला सामावून घेतले नाही त्याच्या आरंभकाळात तिने एक नायिका पाठविली आणि तिला उत्खननाचा हक्क मिळवून दिला. या चरित्रात्मक तपशिलाला अवाजवी महत्त्व देण्याचे कारण नाही. तथापि कादंबरीतील उपरोधाची धार कोठून आली याचा तो एक खुलासा आहे.

कथा १८८४ मध्ये सुरू होते. अमेलिया पीबडी ही बत्तीस वर्षांची अविवाहित स्त्री. वडिलांच्या मृत्यूनंतर मोठ्या संपत्तीची धनीण झालेली. रोममध्ये तिला एव्हलिन ही प्रियकराने टाकलेली तरुणी भेटते. दोघी ईजिप्तला जातात. अमार्ना येथे रॅडक्लिफ आणि वॉल्टर इमर्सन हे भाऊ उत्खनन करीत असतात. रात्रीच्या वेळी एक ममी हिंडू लागते, मजूर काम सोडून जातात, आणि अमेलिया आपली छत्री घेऊन कामाला लागते. अमेलिया हे नाव अमेलिया एडवर्ड्स या प्रवासलेखिकेची आठवण करून देते. १८७३–७४ मधील नाईलप्रवासावरील तिचा ग्रंथ १८७७ मध्ये आला आणि १८८२ मध्ये ईजिप्तमधील उत्खननासाठी निधी स्थापन करण्यात तिचा पुढाकार होता. रॅडक्लिफ इमर्सनमागे फ्लिंडर्स पेट्री याची छाया आहे. पेट्रीने १८९१–९२ मध्ये अमार्ना येथे राजवाड्याची रंगीत फरसबंदी उजेडात आणली आणि ती टिकावी म्हणून साबुदाण्यासारख्या टॅपिओकाचे पातळ पाणी बोटाने तिच्यावर लावले. पुढे १९१२ मध्ये ती फरसबंदी उद्ध्वस्त झाली. कादंबरीने टॅपिओका, फरसबंदी आणि तिचा विध्वंस ही तिन्ही मागे नेऊन कथानकात गुंफली आहेत.

पुरातत्त्व हा या कादंबरीचा देखावा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. कार्लो गिन्झबर्ग याने १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका ज्ञानपद्धतीकडे लक्ष वेधले : चित्रातील कानाच्या पाळीवरून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली, जीभ घसरण्यावरून मन वाचणारा फ्रॉइड आणि राखेवरून गुन्हेगार शोधणारा होम्स हे एकाच कुळातले. क्षुल्लक खुणेवरून अनुपस्थित सत्याकडे जाणे, ही ती पद्धत. पेट्री त्याच कुळातला. सोन्याच्या शोधात असलेल्यांनी फेकून दिलेल्या खापरांच्या तुकड्यांवरून त्याने काळाचा क्रम लावला. इमर्सनचा खजिनाशोधकांवरील राग आणि खापरांवरील निष्ठा या कथेत तपासाची नीती बनते. उत्खनन आणि गुन्ह्याचा तपास यांची जात एकच असल्यामुळे अमेलियाला गुप्तहेर होण्यासाठी वेगळा दाखला लागत नाही. जिज्ञासा एवढे कारण पुरते. १८६४ पासून स्त्री-गुप्तहेराच्या मानेवर असलेले सबबीचे जोखड येथे प्रथमच उतरलेले दिसते.

प्रणयाचा प्रश्न मर्ट्झने निवेदनपद्धतीतून सोडविला. सर्व कथा अमेलिया प्रथमपुरुषी सांगते. तिचा स्वतःवरील विश्वास अढळ आहे. इमर्सनविषयीचा संताप ती मोठ्या तपशिलाने नोंदविते. तो कसा उभा राहतो, आवाज कसा चढवितो, आजारपणात कसा दिसतो, याची बारीक नोंद घेणाऱ्या या स्त्रीला आपण प्रेमात पडलो आहोत हे मात्र कळत नाही. वाचकाला ते फार आधी कळते. म्हणजे कथेत दोन रहस्ये आहेत. ममीच्या रहस्यात अमेलिया शोधक आणि वाचक तिचा अनुयायी. प्रेमाच्या रहस्यात वाचक शोधक आणि अमेलिया ही बेसावध साक्षीदार, जिच्या जबानीतच सगळे धागेदोरे पडलेले असतात. प्रणयालाही येथे रहस्यकथेची रचना मिळाली. तोही पूर्वीच घडून गेलेला असतो आणि शेवटी फक्त उघडकीस येतो. आरंभी उल्लेखिलेला दोन काळगतींचा झगडा अशा रीतीने मिटतो. कथेतला विनोदही येथूनच उगवतो. तो बाहेरून लावलेला मुलामा नाही.

कथानकाची जुळणीही याला पूरक आहे. ममीचे सोंग हा एव्हलिनच्या वारशावर डोळा ठेवून रचलेल्या कटाचा भाग असतो. गुन्हा म्हणजे खोटा प्रणय, आणि तपास करता करता जमते ते खरे प्रेम. व्हिक्टोरियन कादंबरीच्या रिवाजाप्रमाणे एव्हलिनसारख्या 'पतिते'ला प्रायश्चित्त म्हणून मरावे लागले असते. येथे ती वॉल्टरशी विवाह करून सुखाने नांदते. जुन्या संकेतांचे हे विडंबन आहे, परंतु ते प्रेमाने केलेले विडंबन आहे. कादंबरीचे शीर्षकही एका प्राचीन ईजिप्ती प्रेमगीतातील प्रतिमेवरून घेतलेले असून नदी, मगर आणि पैलतीरावरील प्रिय व्यक्ती ही मांडणी कथेतील संकट आणि अनुराग दोहोंना लागू पडते.

५

रूपबंधाचा हा उलगडा पुरेसा नाही. कथेसाठी १८८४ हेच वर्ष का मानवते, असा प्रश्न विचारला की कायदा पुढे येतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा इंग्लंडमधील १८८२ चा कायदा १ जानेवारी १८८३ पासून अमलात आला. तोपर्यंत सामान्य कायद्यानुसार विवाहाबरोबर स्त्रीची बहुतांश मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. श्रीमंत घराणी खास करारपत्रे करून त्यातून वाट काढीत. अमेलिया वीस वर्षे आधी जन्मली असती तर तिचे प्रेमात पडणे हा मालमत्तेवरील दरोडा ठरू शकला असता आणि शेवटच्या प्रकरणातील आनंद संशयास्पद झाला असता. १८८३ नंतर तिची संपत्ती तिचीच राहते. म्हणूनच ती विवाहाकडे गमतीने पाहू शकते आणि तिचा विवाह हा राजीनामा न ठरता उत्खननातील भागीदारी ठरतो. मालिका लग्नानंतर थांबत नाही. 'द कर्स ऑफ द फॅरोज' (१९८१) मध्ये मुलाची आई झालेली अमेलिया पुन्हा ईजिप्तला जाते. लेखिकेच्या हयातीत या मालिकेच्या एकोणीस कादंबऱ्या निघाल्या. विसावी, 'द पेंटेड क्वीन', जोन हेस हिने पूर्ण केली व ती २०१७ मध्ये आली.

हाच १८८४ चा आकडा मुंबईच्या इतिहासात वेगळ्या कारणाने कोरलेला आहे. त्या वर्षी दादाजी भिकाजी याने रखमाबाईविरुद्ध वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेली रखमाबाई नवऱ्याकडे कधीच नांदायला गेली नव्हती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय तिच्यापुढे ठेवला गेला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि ती वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. खटला चालू असताना तिने 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे लिहिली; सत्य बोलण्यासाठी तिला नाव झाकावे लागले. एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी, एका स्त्रीला विवाह ही विनोदाची बाब वाटू शकते आणि दुसरीला त्याच विवाहासाठी तुरुंगाची धमकी मिळते. हलकाफुलका सूर ही केवळ शैलीची निवड नसते. त्याला एक विधिविषयक पाया लागतो.

साम्राज्याचा उल्लेख आला की या मालिकेवरील मोठा आक्षेप टाळता येत नाही. ब्रिटिशांनी १८८२ मध्ये ईजिप्त लष्करी बळाने ताब्यात घेतला. अमेलिया तेथे पोहोचते ती दोन वर्षांनी. तिला मिळणारी मोकळीक ही काही अंशी या ताब्याची देणगी आहे. इंग्लंडमध्ये ज्या स्त्रीला ऐकून घेतले जात नाही ती ईजिप्तमध्ये हुकूम सोडू शकते, कारण तेथे तिचे स्त्री असणे तिच्या इंग्रज असण्यामागे झाकले जाते. पहिल्या कादंबरीतील मजूर घाबरण्यापुरते आणि पळण्यापुरतेच येतात. एडवर्ड सईद याचा प्राच्यवादावरील ग्रंथ १९७८ चा, म्हणजे या कादंबरीनंतर तीन वर्षांनी आलेला. त्या ग्रंथाच्या प्रकाशात पाहिले तर शापाची भाकडकथा बुद्धीने उधळून लावणारी अमेलिया पौर्वात्य अंधश्रद्धेची प्रतिमा मात्र तशीच ठेवते.

बचावाच्या बाजूने निवेदिकेवरील उपरोध पुढे करता येईल. अमेलियाची मते लेखिकेची नव्हेत. तिचे पूर्वग्रह हे हसण्याचे विषय आहेत. हा बचाव पहिल्या कादंबरीपुरता अर्धवटच पटतो, कारण प्रेमाविषयीचे तिचे अज्ञान शेवटी उघडे पडते तसे साम्राज्याविषयीचे अज्ञान उघडे पडत नाही. त्यासाठी तेवीस वर्षे जावी लागली. 'द एप हू गार्ड्स द बॅलन्स' (१९९८) मध्ये अब्दुल्ला या मुकादमाचा नातू डेव्हिड आणि वॉल्टर-एव्हलिनची मुलगी लिया यांचे प्रेम जमते, आणि सर्वांशी समतेने वागतो असे मानणाऱ्या इमर्सन कुटुंबात खळबळ माजते. स्वतः अमेलियाही अडखळते. पहिल्या कादंबरीत प्रणयाने तिचे हृदय उघडकीस आणले होते. येथे दुसऱ्यांच्या प्रणयाने तिचा वंशाभिमान उघडकीस आणला. रहस्यकथेला परका ठरविलेला घटक येथे तपासाचे हत्यार बनतो आणि शोधकर्तीचीच झडती घेतो.

६

या वाङ्मयप्रकाराने वसाहतीच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला तेव्हा काय झाले, याचे उदाहरण मुंबईनेच पुरविले आहे. सुजाता मॅसी हिची 'द विडोज ऑफ मलबार हिल' ही कादंबरी २०१८ मध्ये आली. तिची नायिका परवीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईत वडिलांच्या कचेरीत कायद्याचे काम करते. तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन टाटा या दोघींची चरित्रे आहेत. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेली सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा तिने १८९२ मध्ये दिली. पदवी हाती पडली १९२२ मध्ये. 'गॉडी नाइट'ने ज्या हक्काची चर्चा केली त्याची तीस वर्षे वाट पाहणाऱ्यांत नाशिकची ही स्त्री होती. स्त्रियांना वकिली करण्याची वाट मोकळी करणारा हिंदुस्थानातील कायदा १९२३ चा.

या कादंबरीत स्त्री-गुप्तहेर का हवी, याचे उत्तर कथेच्या रचनेतच आहे. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. आपल्या मेहेरची मालमत्ता वक्फला देण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केल्याचे कागद येतात. सह्यांविषयी परवीनला संशय येतो. जनान्यात पुरुष वकील जाऊ शकत नाही. ती जाऊ शकते. पाश्चात्त्य रहस्यकथेतील बंद खोलीचे कोडे येथे सामाजिक रूप घेते. दार आतून लावलेले नसते, रूढीने लावलेले असते, आणि किल्ली स्त्रीपाशी असते. मिसेस पास्कलला आपले स्त्रीत्व काढून ठेवावे लागले होते. परवीनचे स्त्रीत्व हीच तिची व्यावसायिक पात्रता ठरते. सोराबजीने १९०४ पासून बंगालमधील पडदानशीन स्त्रियांसाठी सरकारी सल्लागार म्हणून जे काम केले त्याचे हे कथारूप आहे.

प्रणयाच्या बाबतीत मात्र परवीनला अमेलियाची मोकळीक नाही. तरुणपणी प्रेमाने केलेला तिचा विवाह छळात संपला आहे. १८६५ च्या पारशी विवाह कायद्यानुसार केवळ क्रूरतेच्या कारणावर विभक्तता मिळे, काडीमोड मिळत नसे. तो कायदा बदलला १९३६ मध्ये. परवीन नवऱ्यापासून स्वतंत्र आहे, पण पुन्हा विवाहाला मोकळी नाही. 'द सातापूर मूनस्टोन' (२०१९) मध्ये सह्याद्रीतील एका कल्पित संस्थानात तिची कॉलिन सँडरिंगहॅम या इंग्रज अधिकाऱ्याशी ओळख होते आणि जवळीक वाढते. तिच्या दुसऱ्या बाजूला कायदा, तिसऱ्या बाजूला समाज आणि १९२१ च्या नोव्हेंबरात युवराजाच्या भेटीच्या वेळी पेटलेली मुंबई आहे. ती दंगल 'द बॉम्बे प्रिन्स' (२०२१) चा विषय आहे. संवादांतील खेळकरपणा, खाद्यपदार्थांचे आणि कपड्यांचे रसभरित तपशील येथेही आहेत. परंतु वाचक हसताना सावध राहतो. शेवटी लग्न होणार, ही सुखान्तिकेने दिलेली हमी येथे काढून घेतलेली आहे.

ऐतिहासिक कादंबरीत वाचकाला पात्रांपेक्षा अधिक माहीत असते. १९२१ ची परवीन १९३६ जाणत नाही, वाचक जाणतो. १८८४ ची अमेलिया ईजिप्तचे पुढे काय होणार हे जाणत नाही, वाचक जाणतो. अभिजात रहस्यकथेत शेवटच्या पानापर्यंत वाचक शोधकापेक्षा मागे असतो. ऐतिहासिक रहस्यकथेत खुनाच्या बाबतीत तो मागे आणि काळाच्या बाबतीत पुढे असतो. प्रणय या दोन स्थानांच्या मधोमध उभा आहे, कारण त्याचा शेवट पात्रांच्या इच्छेइतकाच त्या वर्षी अमलात असलेल्या कायद्यावर अवलंबून असतो. व्हॅन डाइनच्या नियमाला याचा विचार करण्याचे कारण नव्हते. त्याच्या कल्पनेतील गुप्तहेर पुरुष होता, आणि कोणावर प्रेम केल्याने त्या गुप्तहेराची मालमत्ता, नाव किंवा व्यवसाय यांपैकी काहीच जाणार नव्हते. स्त्री शोधाला निघाली की प्रेम हे तपासाबाहेरचे प्रकरण राहत नाही. तिला तपासण्याजोग्या कागदपत्रांत तिचा स्वतःचा विवाहकरारही येतो.